जास्त मतं म्हणजे चांगलं गाणं?

वाचण्यापूर्वी

१. नवीन गाणं निवडताना तुम्ही आधी काय बघता: गाण्याचं नाव, गायक, की खाली लिहिलेला आकडा?
२. एखादं गाणं पूर्ण न ऐकताच तुम्ही कधी लाईक केलं आहे का? का केलं?
३. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण तुमच्या घरी कुणी वापरतं का? तिचा अर्थ घरी विचारून या.

पाठ

मित्रमैत्रिणींनो, गाण्यांच्या कुठल्याही वेबसाईटवर जा. गाण्याच्या नावाखाली काहीतरी मोजलेलं दिसतंच. कुठे अंगठा असतो, कुठे पाच तारे, कुठे लाल बदाम. त्या आकड्यांवरून याद्या तयार होतात: 'या आठवड्यातली टॉप ५०', 'सगळ्यांची आवडती'. आपण यादी उघडतो, पहिलं गाणं लावतो. पन्नासाव्या गाण्यापर्यंत सहसा कुणी जात नाही. पाचशेव्यापर्यंत तर नाहीच.

कल्पना तशी चांगली आहे. कुठलं गाणं चांगलं हे कंपनीतल्या एखाद्या साहेबानं का ठरवावं? जे ऐकतात त्यांनीच ठरवावं. मी सॉफ्टवेअरचं काम करतो. वेबसाईटवर असा अंगठा बसवणं फार कठीण नसतं. कठीण काम त्यानंतर सुरू होतं. जमलेल्या अंगठ्यांचा अर्थ काय लावायचा? लाखभर अंगठे मिळाले म्हणजे गाणं चांगलं आहे, की नुसतंच ते लाखभर लोकांना आधी दिसलं? या पाठात आपण मतं मोजताना होणाऱ्या गडबडी एकेक करून बघू.

पत्रांचा जमाना

मतं मोजून गाण्यांना नंबर द्यायची हौस इंटरनेटच्या खूप आधीची आहे. भारतात वाढलेल्या तुमच्या आजी-आजोबांसमोर 'बिनाका गीतमाला' हे नाव काढून बघा. बहुतेक ते लगेच बोलायला लागतील.

डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर हा कार्यक्रम सुरू झाला. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. अमीन सयानी हे त्याचे निवेदक. दर बुधवारी रात्री ते हिंदी चित्रपटांतली लोकप्रिय गाणी क्रमानं वाजवायचे. क्रमांकाला ते 'पायदान' म्हणायचे, म्हणजे पायरी. या आठवड्यात कुठलं गाणं कितव्या पायरीवर येणार, यावर घराघरांत पैजा लागायच्या.

पण ही पायरी ठरायची कशी? एक मार्ग म्हणजे दुकानांत कुठल्या गाण्याच्या किती रेकॉर्ड विकल्या गेल्या ते मोजायचं. त्यात एक गंमत होती. एखादं गाणं इतकं आवडलं की दुकानातल्या सगळ्या रेकॉर्ड संपल्या, तर पुढच्या आठवड्यात त्याची विक्री शून्य! म्हणजे गाणं लोकांच्या तोंडी, पण यादीत खाली.

दुसरा मार्ग म्हणजे लोकांची पत्रं मोजायची. त्यात वेगळी भीती होती. चित्रपटाचा निर्माता किंवा संगीतकार स्वतःच्याच गाण्यासाठी पोतंभर पत्रं पाठवू शकतो. मग आयोजकांनी उपाय काढला. गावोगावी 'श्रोता संघ' तयार झाले. गाणी ऐकणाऱ्या लोकांचे ते क्लब होते. प्रत्येक संघ आपल्या आवडत्या गाण्यांची यादी पाठवायचा. एकट्या माणसाच्या शंभर पत्रांपेक्षा संघाच्या एका यादीवर भरवसा ठेवणं जास्त बरं, असा हा विचार होता.

म्हणजे दोन मोठे प्रश्न तेव्हाच पुढे आले होते. आपण जे मोजतोय, ती खरंच आवड आहे का? आणि एकच माणूस शंभर माणसांचा आव आणत असेल तर? वेबसाईट आल्या तरी हे प्रश्न संपले नाहीत, उलट वाढले.

मत देतं कोण?

समजा, हजार जणांनी एक गाणं ऐकलं. त्यातले किती जण थांबून तारे देतील? थोडेच. ज्याला गाणं फारच आवडलं तो देईल. ज्याला ते खूप खटकलं तोही देईल. ज्याला 'बरं आहे, ठीक आहे' वाटलं तो काही न बोलता पुढच्या गाण्याकडे वळेल. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की काही ठरावीक मुलंच हात वर करतात. बाकीच्यांना काही वाटत नसतं असं नाही, पण त्यांचं मत मोजलं जात नाही.

यूट्यूबवर पूर्वी प्रत्येक व्हिडिओला एक ते पाच तारे देता यायचे. २००९ मध्ये यूट्यूबनंच जाहीर केलं की बहुतेक सगळे लोक पाच तारेच देतात. त्याखालोखाल एक तारा देणारे. दोन, तीन आणि चार तारे जवळजवळ कुणी वापरतच नव्हतं. पाच पायऱ्यांचा जिना बांधला, पण लोक फक्त सगळ्यात वर नाहीतर सगळ्यात खाली उभे! म्हणून २०१० मध्ये तारे गेले आणि वरचा-खालचा अंगठा आला.

तेव्हा पाच ताऱ्यांची सरासरी दिसली की लक्षात ठेवा: ही ऐकणाऱ्यांची सरासरी नाही. ही हात वर करणाऱ्यांची सरासरी आहे.

सरासरीची गंमत

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

'अ' या गाण्याला फक्त ३ मतं मिळाली. तिन्ही पाच ताऱ्यांची. सरासरी ५.
'ब' या गाण्याला १२० मतं मिळाली. त्यांची सरासरी ४.६.

वेबसाईटनं नुसती सरासरी बघून यादी लावली तर 'अ' वर आणि 'ब' खाली जाईल. पण 'अ'ची ती तीन मतं कुणाची असतील? कदाचित गायकाची आई, बाबा आणि मावशी! तिकडे १२० अनोळखी माणसांना 'ब' आवडलं आहे. आपल्याला 'ब'वर जास्त भरवसा वाटतो आणि तो बरोबर आहे.

यावर प्रोग्रामर एक युक्ती करतात. प्रत्येक गाण्याला सुरुवातीलाच काही काल्पनिक मतं देऊन टाकायची. समजा १० मतं, प्रत्येकी साडेतीन ताऱ्यांची. म्हणजे प्रत्येक गाणं ३५ तारे घेऊनच सुरू होतं.

'अ': खरे १५ तारे + ३५ = ५०. एकूण मतं १३. सरासरी सुमारे ३.८.
'ब': खरे ५५२ तारे + ३५ = ५८७. एकूण मतं १३०. सरासरी सुमारे ४.५.

आता 'ब' वर आलं. जसजशी खरी मतं वाढतात, तसतसा काल्पनिक मतांचा परिणाम कमी होत जातो. चित्रपटांच्या आयएमडीबी या वेबसाईटची पहिल्या २५० चित्रपटांची यादीसुद्धा नुसत्या सरासरीवर लागत नाही. तिथेही अशीच युक्ती वापरतात.

पण या युक्तीची किंमत कोण देतं? नवीन गाणं. ते खरोखरच सुंदर असलं, तरी तीन मतांवर ते वर येऊ शकत नाही. वर नाही म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून चौथं मत मिळत नाही. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी, तसंच हे.

एकच गाणं, आठ जगं

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तीन संशोधकांनी एक प्रयोग केला. २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो छापून आला.

त्यांनी एक संगीताची वेबसाईट तयार केली. तिच्यावर ४८ गाणी ठेवली. सगळी फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडची. मग १४,३४१ लोकांना साईटवर आणलं. त्यात बरीचशी तरुण मुलंमुली होती. गाणं ऐकायचं, एक ते पाच तारे द्यायचे आणि आवडलं तर फुकट डाउनलोड करायचं, एवढंच काम.

पण लोकांना न सांगता त्यांचे गट पाडले होते. एका गटाला फक्त गाण्याचं आणि बँडचं नाव दिसत होतं. इतरांना काय आवडलं हे त्यांना कळतच नव्हतं. या गटाची आवड म्हणजे लोकांनी स्वतःच्या कानांनी केलेली निवड.

बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटलं होतं. प्रत्येक जगात तीच ४८ गाणी. प्रत्येक जगाची सुरुवात शून्यापासून. फरक एवढाच, की इथे प्रत्येक गाण्यापुढे ते आपल्या जगातल्या किती जणांनी डाउनलोड केलं हा आकडा दिसत होता. एका जगाला दुसऱ्या जगातले आकडे दिसत नव्हते.

चांगलं गाणं कुठेही चांगलंच, असं असतं तर आठही जगांत सारखीच गाणी वर यायला हवी होती. तसं झालं नाही. प्रत्येक जगाचं पहिल्या नंबरचं गाणं वेगळं असू शकत होतं. '५२मेट्रो' नावाच्या बँडचं 'लॉकडाउन' हे गाणं बघा. आकडे न बघता ऐकणाऱ्यांच्या गटात ते २६ वं होतं, म्हणजे साधारण मधलं. एका जगात ते पहिलं आलं. दुसऱ्या एका जगात चाळिसावं! गाणं तेच, गायक तेच, वेबसाईटही तीच.

असं का झालं? सुरुवातीला आलेल्या मोजक्या लोकांना जे आवडलं त्याचा आकडा थोडा वाढला. पुढच्यांनी तो आकडा बघितला आणि तेच गाणं आधी ऐकलं. आकडा आणखी वाढला. असं होत होत छोटासा योगायोग मोठा विजय बनला. मराठीत एक म्हण आहे: 'ज्याच्या हाती ससा, तो पारधी.' ससा खरं कुणी पकडला हे कोण विचारतंय? ज्याच्या हातात दिसला, तो शिकारी ठरला.

आणखी एक गोष्ट बघा. आधी गाणी पानावर कशीही पसरून ठेवली होती. मग त्यांनी ती डाउनलोडच्या क्रमानं, सगळ्यात लोकप्रिय गाणं वर अशी लावून दाखवली. लगेच वरची गाणी आणखी वर गेली, खालची आणखी खाली. नुसती मांडणी बदलल्यानं निकाल बदलला!

याचा अर्थ गाण्याच्या गुणाला काहीच किंमत नाही असा नाही. अगदी उत्तम गाणी फारशी तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट गाणी फारशी वर आली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि जगातली बहुतेक गाणी मधलीच असतात.

पुढे २००८ मध्ये सॅल्गानिक आणि वॉट्स यांनी आणखी एक प्रयोग छापला. त्यात त्यांनी मुद्दाम यादी उलटी केली. तळाचं गाणं लोकांना पहिलं म्हणून दाखवलं. त्या खोट्या नंबरामुळे कमी आवडणाऱ्या गाण्यांना बरेच डाउनलोड मिळाले. सगळ्यात चांगली काही गाणी हळूहळू परत वर चढली. पण एक नुकसान झालं. उलट्या यादीच्या जगांत लोकांनी एकूणच कमी गाणी डाउनलोड केली. यादी चुकीची असली की लोक फक्त चुकीचं गाणं ऐकतात असं नाही. त्यांचा ऐकण्यातला रसच कमी होतो.

मोहीम काढणारे जिंकतात

२००२ मध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसला ७० वर्षं झाली. त्यानिमित्त त्यांनी जगभरच्या श्रोत्यांना विचारलं: जगातलं सगळ्यात आवडतं गाणं कुठलं? पहिलं आलं आयर्लंडच्या 'वुल्फ टोन्स' या गटाचं एक देशभक्तीपर गाणं. दुसरं आलं 'आनंदमठ' या १९५२ च्या हिंदी चित्रपटातलं 'वंदे मातरम्'. तिसरं, पाकिस्तानच्या 'व्हायटल साइन्स' या बँडचं 'दिल दिल पाकिस्तान'. पहिल्या दहांत दोन तमिळ गाणी होती, एक नेपाळी होतं, एक अरबी होतं. 'छैय्या छैय्या' नववं. आणि 'क्वीन' या बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी' दहावं. (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता!)

पहिल्या तिन्ही गाण्यांत काय सारखं आहे, ओळखलंत? तिन्ही देशावरच्या प्रेमाची गाणी आहेत. आयरिश गाण्यासाठी लोकांनी एकमेकांना ईमेल पाठवून मतं द्यायला सांगितलं होतं. यात फसवणूक काही नाही. आपल्या देशाला मत द्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण प्रश्न होता 'कुठलं गाणं आवडतं?' आणि लोकांनी उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं: 'तुम्ही कुणाच्या बाजूचे?'

आता सांगा, त्या दहांत मराठी गाणं नव्हतं, मग मराठीत चांगली गाणी नाहीत का? तुम्हीच उत्तर द्या.

कधी कधी लोक निव्वळ मस्करी म्हणून मत देतात. २०१० मध्ये जस्टिन बीबरनं कुठल्या देशात कार्यक्रम करावा, असं एका स्पर्धेत इंटरनेटवर विचारलं होतं. सगळ्यात जास्त मतं मिळाली उत्तर कोरियाला! तिथल्या सामान्य माणसाला जगाचं इंटरनेट वापरताच येत नाही. म्हणजे ही मतं तिथल्या चाहत्यांची नव्हतीच. बाहेरच्या टवाळखोरांनी गंमत म्हणून दिलेली ती मतं होती. कार्यक्रम अर्थातच झाला नाही.

खाली केलेला अंगठा

ही गंमत कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते. २०११ मध्ये रिबेका ब्लॅक नावाची अमेरिकेतली मुलगी १३ वर्षांची होती. तुमच्यातल्या काहींच्याच वयाची. तिचं 'फ्रायडे' हे गाणं यूट्यूबवर आलं आणि लोक त्याची टिंगल करू लागले. थोड्याच दिवसांत तो त्या वेळचा सगळ्यात जास्त नापसंत केलेला व्हिडिओ ठरला.

खाली अंगठा दाखवणाऱ्या त्या लाखो लोकांना खरंच त्या गाण्याबद्दल काही म्हणायचं होतं का? काहींना असेल. पण बरेच जण 'सगळे करतायत, आपणही करू' म्हणून आले होते. आकडा जितका फुगला, तितकी बघ्यांची गर्दी वाढली. न्यूयॉर्कच्या प्रयोगात जे घडलं तेच इथे उलट्या दिशेनं घडलं. फरक एवढाच, की इथे समोर एक खरी मुलगी होती. तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शाळेत मुलं इतकं छळू लागली की तिला शाळा सोडून घरी शिकावं लागलं. पुढे मोठी झाल्यावरही तिनं गाणं सोडलं नाही, हे मात्र कौतुकाचं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबनं खालच्या अंगठ्याचा आकडा लोकांपासून लपवला. बटण आहे, पण आकडा फक्त व्हिडिओ टाकणाऱ्यालाच दिसतो. आकडा दिसला नाही की टोळीनं हल्ला करणं कमी होतं, असं त्यांना प्रयोगात दिसलं होतं. यावर बरीच टीका झाली. 'वाईट व्हिडिओ आधीच ओळखायचा कसा?' असं लोकांनी विचारलं. त्यातही तथ्य आहे. आकडा दाखवला तर गर्दी जमते, लपवला तर माहिती जाते. दोन्हीकडून पूर्ण फायदा मिळत नाही.

मतदार माणूस आहे का?

आज बऱ्याच ठिकाणी वेगळं मत द्यावंच लागत नाही. गाणं वाजलं की तेच मत धरलं जातं. त्यामुळे पत्रांच्या पोत्यांची जागा आता बॉटनी घेतली आहे. बॉट म्हणजे माणसासारखं वागणारा प्रोग्राम. तो झोपत नाही, कंटाळत नाही, आणि एकच गाणं हजार खात्यांवरून वाजवू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी एका माणसावर आरोप ठेवला. एआयकडून लाखो गाणी करून घ्यायची, ती बॉटकडून वाजवायची आणि १ कोटी डॉलरहून जास्त मानधन मिळवायचं, असा तो आरोप होता. हे पैसे एकाच थैलीतून येतात. म्हणजे ते खऱ्या गायकांच्या वाट्यातून जातात.

बॉट नसला तरी पैसा असतो. संगीत कंपन्या जाहिरात देऊन नव्या गाण्याची पाहणाऱ्यांची संख्या फुगवत असत. म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबनं नियम केला: पहिल्या २४ तासांच्या विक्रमासाठी जाहिरातीतून आलेली संख्या धरायची नाही.

मग मतं घ्यायचीच नाहीत का?

तसं नाही. मतं न घेता पाचशेव्या गाण्याला कधीच कुणी सापडणार नाही. पण मतं कशी घ्यायची, याचा विचार करता येतो. गाणं निदान अर्धं ऐकल्याशिवाय तारे देऊ द्यायचे नाहीत. आपलं मत दिल्यावरच इतरांचा आकडा दाखवायचा. यादीत रोज काही नवी गाणी चिठ्ठ्या टाकून वर आणायची. लोकांच्या मतांबरोबर जाणकारांचं मतही घ्यायचं. युरोव्हिजन स्पर्धेत शेजारी देश एकमेकांनाच मतं देतात अशी तक्रार वाढली, तेव्हा २००९ पासून अंतिम फेरीतले निम्मे गुण परीक्षकांकडे देण्यात आले. परीक्षकांचीही आवडनिवड असतेच. पण दोन वेगळ्या चाळण्या लावल्या की खडे कमी राहतात.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेसाठी महत्त्वाची आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. हिंदी सांगणारे सुमारे ५२ कोटी ८३ लाख होते, म्हणजे सहापटीहून जास्त. दोन्ही भाषांतली दोन सारखीच चांगली गाणी घ्या. शंभरातल्या एकानं मत दिलं, तरी हिंदी गाणं सहापट पुढे राहील. कुणी फसवणूक केली नाही, कुणी वाईट वागलं नाही, तरी मराठी गाणं मागे. म्हणून सगळ्या भाषांची एकच यादी करण्यापेक्षा प्रत्येक भाषेची वेगळी यादी जास्त खरं सांगते.

आणि तुम्ही काय करू शकता? गाणं लावल्यावर पहिला मिनिटभर आकड्यावर बोट किंवा कागद ठेवा. आधी ठरवा, मला हे आवडलं का? मग आकडा बघा. फरक पडला तर स्वतःला विचारा, माझं मत का बदललं? कधी कधी ते बदलायलाही हवं. इतके लोक काय ऐकतायत म्हणून पुन्हा ऐकलं आणि काहीतरी सुंदर सापडलं, असंही होतं. 'ऐकावे जनाचे' हा म्हणीचा पहिला भाग आहेच. पण 'करावे मनाचे' हा दुसरा भाग विसरू नका.

शेवटी एक साधं गणित. ज्या गाण्याला ४ लाख लाईक आहेत, त्याला तुमच्या एका लाईकनं काही होत नाही. पण अकोल्याच्या किंवा न्यू जर्सीच्या एखाद्या मुलीनं मराठी गाणं टाकलं आणि त्याला ४० लाईक असले, तर तुमचं एकेचाळिसावं मत तिथे खूप जड असतं. तेव्हा ते गाणं शेवटपर्यंत ऐका, आणि आवडलं तरच द्या.

शब्दार्थ

निवेदक – कार्यक्रमात बोलून माहिती सांगणारा माणूस
श्रोता – ऐकणारा
सरासरी – सगळे आकडे मिळवून त्यांना संख्येनं भागल्यावर मिळतो तो आकडा, ॲव्हरेज
काल्पनिक – खरं नसलेलं, मनात धरलेलं
नियतकालिक – ठरावीक दिवसांनी निघणारं मासिक किंवा साप्ताहिक
योगायोग – न ठरवता घडलेली गोष्ट
पारधी – शिकार करणारा
टवाळखोर – दुसऱ्याची टिंगल करत फिरणारा
मानधन – कामासाठी कलाकाराला मिळणारे पैसे
चाळणी – पीठ किंवा धान्य चाळायचं भोकांचं भांडं

प्रश्न

१. रेकॉर्डची विक्री मोजून गाण्याला क्रमांक देण्यात काय अडचण होती?
२. 'श्रोता संघ' का तयार केले?
३. 'क' या गाण्याला ५ मतं मिळाली, सगळी चार ताऱ्यांची. १० काल्पनिक मतं (प्रत्येकी साडेतीन तारे) मिळवून नवी सरासरी काढा.
४. 'लॉकडाउन' हे गाणं एका जगात पहिलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं का आलं? तुमच्या शब्दांत पाच ओळी लिहा.
५. खालच्या अंगठ्याचा आकडा लपवावा की दाखवावा? दोन्ही बाजूंनी एकेक कारण द्या.
६. 'ज्याच्या हाती ससा, तो पारधी' ही म्हण वापरून शाळेतला एक प्रसंग सांगा.

करून बघा

वर्गाचे दोन गट करा. शिक्षक दोन्ही गटांना तीच सहा मराठी गाणी ऐकवतील. पहिल्या गटानं आपापली आवडती दोन गाणी गुपचूप कागदावर लिहायची. दुसऱ्या गटानं एकेक करून, सगळ्यांसमोर हात वर करून सांगायचं. शिक्षक फळ्यावर आकडे लिहीत जातील. शेवटी दोन्ही गटांच्या याद्या शेजारी ठेवा. पहिलं गाणं एकच आहे का? नसेल, तर दुसऱ्या गटात सगळ्यात आधी कोण बोललं होतं ते आठवा. मग स्नेहसंमेलनाचं गाणं कुठल्या पद्धतीनं निवडायचं, हे सगळे मिळून ठरवा.